एकदाच विचारलेला चहा

सांगलीहून आलेले एक पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी ६४ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माहेर रत्नागिरीचे, लग्नानंतर सांगली. मुलगा नऊ वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो आणि गेल्या वर्षी त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केले. आमचा विरोध नव्हता. यंदा फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही दोघे त्यांच्याकडे राहून आलो. सून स्वभावाने वाईट नाही, पण साध्या साध्या गोष्टी तिला कळत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी तिने चहा हवा का, असे विचारले. मी सवयीने नको म्हटले, तर तिने स्वतःपुरता कप भरला आणि माझ्यासमोर बसून प्यायली. ती मला नावाने हाक मारते. आमच्या दोघींचे बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत होते, त्यातही ती ऊठसूट थँक्यू म्हणते. घरच्या माणसाला कोणी थँक्यू म्हणते का? आमटीची चव डावानेच घेते आणि तोच डाव पुन्हा पातेल्यात घालते. मी हटकले तर मुलगा हसून म्हणाला, ‘चालतं गं आई.’ शेजारणीला मी बेसनाचे लाडू दिले, तिने डबा दुसऱ्या दिवशी लखलखीत धुऊन रिकामा परत केला. आमचे वाढदिवस सुनेने कॅलेंडरवर लिहून ठेवले, पण ते कॅलेंडर संडासात टांगलेले! निघताना विमानतळावर तिने सासऱ्यांच्या गालाला तीनदा गाल लावला. हे इतके अवघडले की विमानात बसेपर्यंत बोलले नाहीत. उलट मी दिवेलागणीला पडदे ओढले किंवा शेजारणीकडे सहज डोकावले, की मुलगाच म्हणे, ‘आई, इथे असं करत नाहीत.’ दिवाळीत दोघे पंधरा दिवसांसाठी सांगलीला येणार आहेत. घर पाहुण्यांनी भरलेले असेल. तिला सगळे समजावून सांगावे की गप्प बसावे? आणि एवढी साधी समज शिकवावी लागते का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या तक्रारी त्याच एका खुंटीला टांगलेल्या आहेत. एवढी साधी समज शिकवावी लागते का? होय, लागते. तुम्हालाही ती शिकवली गेली होती. फक्त ते शिकणे इतक्या लहानपणी झाले की तुम्हाला ते आठवत नाही. वस्तू उजव्या हाताने घ्यावी, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा, घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणावे, हे कोणतेही मूल जन्मतः शिकून येत नाही. कोणीतरी शंभर वेळा हात धरून, कधी डोळे वटारून ते त्याच्याकडून करून घेतलेले असते. पाच-सहा वर्षांत ते अंगात असे मुरते की त्यामागची मेहनत विसरून आपण त्याला ‘साधी गोष्ट’ म्हणू लागतो. तुम्ही आयुष्यभर लहान मुलांना शिकवले आहे, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हेच मांडले होते की प्रत्येक समाज ज्याला उपजत समज मानतो तीही त्या समाजानेच घडवलेली असते, आणि तरीही ती ‘हे असेच असते’ अशा रूपात आपल्यासमोर उभी राहते. त्यामुळे ती न पाळणारा माणूस वेगळ्या रीतीत वाढला आहे असे आपल्या मनात येत नाही. तो अडाणी किंवा उद्धट आहे असेच वाटते.

मराठीत तर आपण आणखी एक पाऊल पुढे जातो. साध्या वागण्यातल्या चुकीलाही आपण ‘संस्कार’ हा शब्द लावतो. डबा रिकामा परत आला, मोठ्यांसमोर पाय लांब करून बसले, पाहुण्याला पाणी विचारले नाही, की ‘हेच का संस्कार?’ हा प्रश्न तयार असतो, आणि तो चुकणाऱ्याच्या आईवडिलांपर्यंत जाऊन पोहोचतो. वागण्याची रीत आणि मनाची घडण या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधल्या गेल्यामुळे, रीत चुकली की मनच खोटे आहे असा निष्कर्ष आपल्याकडून फार लवकर निघतो. सून स्वभावाने वाईट नाही असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ते वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेला आहात. मला मात्र तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे निरीक्षण तेच वाटते.

आता त्या पहिल्या संध्याकाळच्या चहाकडे येते. तुमच्या सांगलीच्या घरी कोणी आले की काय घडते ते डोळ्यांसमोर आणा. तुम्ही विचारता, “चहा ठेवू ना?” पाहुणे म्हणतात, “नको नको, आत्ताच घेऊन निघालोय.” तुम्ही म्हणता, “असं कसं, अर्धा कप तरी.” पाहुणे म्हणतात, “कशाला उगीच त्रास?” तोवर आत गॅस पेटल्याचा आवाज आलेला असतो आणि पाहुणे म्हणतात, “बरं, अगदी घोटभर.” यात कोणीही खोटे बोललेले नसते. आपला पहिला ‘नको’ चहाबद्दल नसतोच. मी तुमच्याकडे खायला-प्यायला आलेलो नाही, तुम्हाला भेटायला आलो आहे, हे सांगण्याची ती आपली पद्धत आहे. यजमानाचा दुसरा आणि तिसरा आग्रह म्हणजे त्याला दिलेले उत्तर: तुमचे येणे मला जड झालेले नाही. हा चार-पाच वाक्यांचा संवाद आपल्याला इतका पाठ असतो की तो संवाद आहे हेही जाणवत नाही.

तुमच्या सुनेला हा संवाद ठाऊकच नव्हता. ती जिथे वाढली तिथे ‘नको’ हे प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवणे हा उत्तर देणाऱ्याचा मान आहे. तिने पुन्हा पुन्हा विचारले असते, तर तिच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला असता की ६४ वर्षांच्या या बाईंना आपल्याला काय हवे ते कळत नाही असे मी समजते. तुम्ही तिथे कोरड्या घशाने बसून अपमान गिळत होता, आणि तुमचा शब्द खाली पडू दिला नाही या समाधानात ती समोर बसून चहा पीत होती, असे माझे मत आहे. ती दुसऱ्या खोलीत निघून गेली नाही, समोर बसली, हेही विसरू नका. ती तुम्हाला सोबत करत होती.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी १९७८ मध्ये सौजन्याचा एक मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुख्यतः तीन भाषा तपासल्या होत्या आणि त्यांतली एक आपल्या दक्षिणेची तमिळ होती. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की माणसाला दुसऱ्यांकडून दोन गोष्टी हव्या असतात: मला आपले मानावे, आणि माझ्यावर जबरदस्ती करू नये. त्यामुळे सौजन्यही दोन तऱ्हांचे होते, एक जवळ ओढणारे आणि दुसरे मोकळीक देणारे. दोन्ही तऱ्हा सगळीकडे असतात, कोठे कोणत्या प्रसंगी कोणती पुढे येते एवढाच फरक पडतो. आपला पाहुणचार पहिल्या तऱ्हेचा आहे. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बाजूने जिलबी सरकवणे हे आपल्याकडे प्रेम आहे. डच घरात प्रेमाचा बराचसा भाग दुसऱ्या तऱ्हेने व्यक्त होतो: आधी विचारून येणे, ठरल्या वेळी येणे, एकदा विचारून उत्तर मानणे. कॉफीबरोबर एकेक बिस्किट देऊन डबा पुन्हा झाकून ठेवण्याची तिथली रीत तर इतकी प्रसिद्ध आहे की डच माणसे स्वतःच तिच्याबद्दल बोलतात. संध्याकाळचे जेवण सहाच्या सुमारास होते आणि स्वयंपाक माणसे मोजून केलेला असतो, त्यामुळे त्या वेळी कोणी अवचित दारात उभे राहिले तर घरची बाई अडचणीत येते. तुम्ही शेजारणीकडे सहज डोकावलात तेव्हा मुलगा अस्वस्थ झाला तो यामुळे. आपल्याकडे न सांगता येणारे माणूस हक्काचे असते. तिथे येण्यापूर्वी विचारणारे माणूस समजूतदार असते. शेजारणीने डबा रिकामा दिला तोही याच हिशेबात बसतो. रिकामे भांडे परत पाठवू नये, निदान चार दाणे साखर तरी घालावी, हे तुमच्या-माझ्या हाताला कळते. तिने मात्र तुमची वस्तू लगेच, स्वच्छ करून, न विसरता परत दिली, आणि लखलखीत धुण्यात तिची जी काळजी होती ती तुम्ही तुमच्याच शब्दात टिपली आहे.

पडद्यांचे थोडक्यात सांगते. रस्त्याकडेच्या मोठ्या खिडक्या संध्याकाळी दिवे लागल्यावरही उघड्या ठेवण्याची त्या देशात जुनी सवय आहे. आपल्याला बाहेरून घर दिसणे नको वाटते, तिथे पुष्कळांना बंद पडद्यांचे घर उदास वाटते. घर तिचे होते, तेव्हा पडदेही तिच्या मनाप्रमाणे राहायला हवे होते.

आता भाषेबद्दल, कारण तुमच्या दोघींतला निम्मा गैरसमज मला तिथे दिसतो. आपण मराठीत घरच्या माणसाला धन्यवाद म्हणत नाही हे खरे आहे. म्हटले तर ते सभेच्या शेवटी आभार मानल्यासारखे वाटते आणि माणूस दूर गेल्याची जाणीव होते. पण याचा अर्थ आपल्याकडे कृतज्ञता नाही असा होत नाही. ती ‘किती केलंस गं’ यात असते, ‘बरं झालं आलास’ यात असते, पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेल्या हातात असते. तसेच विनंतीचे. आपल्याला ‘प्लीज’ची रोज गरज पडत नाही, कारण ते काम ‘जरा’, ‘ना’, ‘गं’, ‘रे’ आणि आदरार्थी क्रियापद करत असते. ‘पाणी दे गं’ या तीन शब्दांत माया त्या शेवटच्या ‘गं’मध्ये आहे. आता तेच वाक्य तुम्ही मोडक्या इंग्रजीत बोला: ‘गिव्ह मी वॉटर.’ ‘गं’ वाटेतच गळून पडला आणि मागे उरला तो निव्वळ हुकूम. तीन महिने रोज दहा वेळा सुनेने असे हुकूम ऐकले असतील आणि प्रत्येक वेळी पाणी आणून दिले असेल, तर तिच्या सोसण्याचा हिशेबही आपण मांडायला हवा. तुमच्या मनात काय होते ते मला कळते. तिला ते कळण्याचा मार्ग नव्हता, जसा तिच्या थँक्यूत परकेपणा नव्हता हे कळण्याचा मार्ग तुम्हाला नव्हता. ती तिच्या आईलाही पाण्याच्या पेल्यासाठी हेच म्हणत असणार.

नावाने हाक मारण्याबद्दल तुम्हाला किती लागले असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. आपल्याकडे नाव ही हलक्याने तोंडात घालायची गोष्ट नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून तर ते वर्षातून चार वेळा उखाण्यात गुंफून घेण्याचा सोहळा झाला. बाईच्या नावाचे तर आणखीच वेगळे: माहेरचे नाव मागे ठेवून सासरी ताटातल्या तांदळात नवे नाव लिहिले जायचे, आणि मग तेही कोणी उच्चारायचे नाही, कारण ती वहिनी व्हायची, काकू व्हायची, आई व्हायची, शाळेत बाई व्हायची. अशा माणसाला पंचविशी-तिशीतल्या मुलीने थेट नावाने हाक मारली की अंगावर काटा येणारच. तिथे सासू-सासऱ्यांना नावाने हाक मारणे आता सर्रास आहे आणि त्यात बरोबरीच्या नात्याचा मोकळेपणा मानला जातो. पण ही गोष्ट तुम्ही सहन करत राहावी असे मी म्हणणार नाही. हा सगळ्यांत सोपा धागा आहे. तिला सांगा की मराठीत मला ‘आई’ म्हणतात. दोन अक्षरे आहेत, उच्चाराला सोपी आहेत, आणि कोणी आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे त्या व्यक्तीने ठरवायचे असते ही गोष्ट तिच्या देशातही तितकीच मान्य आहे. ती आनंदाने ऐकेल.

तुमच्या पत्रातल्या दोन तक्रारी मी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या.

पहिली संडासातल्या कॅलेंडरची. नेदरलँड्समध्ये वाढदिवसांचे एक वेगळे कॅलेंडर असते. त्यावर वार नसतात, साल नसते, फक्त महिने आणि तारखा, म्हणजे ते वर्षानुवर्षे चालते. आणि ते टांगण्याची ठरलेली जागा म्हणजे घरातले संडास, कारण तिथे प्रत्येकाची रोज नजर पडते आणि कोणाचा वाढदिवस विसरला जात नाही. असंख्य डच घरांत ते तिथेच असते. तिथे वाढदिवस विसरणे ही मोठी चूक आहे आणि वाढदिवसाला नुसत्या त्या व्यक्तीचे अभिनंदन करून भागत नाही, तिच्या आईवडिलांचे, नवऱ्याचे, बहिणीचेही करतात. त्या कॅलेंडरवर कार्यालयातल्या ओळखीपाळखीची नावे सहसा जात नाहीत. घरची आणि जिव्हाळ्याची माणसे जातात. आपल्याला ती जागाच अमंगळ, म्हणून तुम्हाला अपमान वाटला, आणि तो वाटणे स्वाभाविक होते. पण तिने काय केले होते? तिने तुम्हा दोघांना आपल्या माणसांच्या यादीत लिहून घेतले होते, पुसावे लागणार नाही अशा कॅलेंडरवर.

दुसरी विमानतळावरची. परक्याशी तिथे हस्तांदोलन करतात. आपल्या माणसाचा निरोप घेताना गालाला गाल लावतात आणि त्या देशातली रूढ संख्या तीन आहे. आपल्याकडे सून सासऱ्यांना वाकून नमस्कार करते, त्या जागी तिथे ही रीत आहे. तुमच्या यजमानांना अवघडल्यासारखे झाले यात त्यांचाही दोष नाही, कारण आपल्याकडे सासरा आणि सून यांच्यातले अंतर हाच आदर असतो. पण मला राहून राहून वाटते की तीन महिन्यांच्या शेवटी त्या मुलीने तुमच्याशी हात मिळवून निरोप घेतला असता, तर तुम्हाला काहीच खटकले नसते, आणि तिच्या दृष्टीने तो निरोप थंड ठरला असता.

म्हणजे ज्या दोन गोष्टींत तिने सर्वांत अधिक आपलेपणा दाखवला, त्याच तुमच्या पत्रात तक्रारी होऊन आल्या आहेत. मी हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. उद्या ती सांगलीत आल्यावर तुम्ही अत्यंत प्रेमाने केलेल्या दोन गोष्टी तिच्याही मनात अशाच तक्रारी होऊन बसू शकतात, आणि ते टाळणे आपल्या हातात आहे.

तुम्ही माहेरचा उल्लेख केलात म्हणून विचारते. रत्नागिरीहून सांगलीत आलात तेव्हा मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात हे पहिल्यांदा ऐकून तुम्हाला काय वाटले होते? त्या मोठ्या आवाजातले ‘या की’, ‘बसा की’, ‘जेवूनच जावा’ कानांना खडबडीत वाटले नव्हते का? आणि तुमच्या हेल काढून बोलण्याला इथे कोणी हसले नव्हते का? एकाच राज्यात, एकाच भाषेत, घाट चढून वर आल्यावर हे झाले. त्या वेळी कोणीतरी जाऊ किंवा शेजारीण असेल जिने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितले असेल, की अगं, इथे असे म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या सुनेला तशी जाऊ नाही.

ते काम मुलाचे होते आणि त्याबाबत मी त्याला माफ करायला तयार नाही. या घरात दोन्ही रीती कळणारा तो एकटाच आहे. पहिल्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगायला हवे होते की आमच्याकडे पहिल्या ‘नको’वर थांबत नाहीत, आणि तुम्हाला सांगायला हवे होते की आई, चहा हवा असेल तर एकदाच विचारतील, तेव्हा हो म्हण. डाव पातेल्यात गेला तेव्हा हसून ‘चालतं’ म्हणणे म्हणजे आईला तिची अडचण बिनमहत्त्वाची आहे असे सांगणे. आणि ‘इथे असं करत नाहीत’ एवढेच म्हणून थांबणे म्हणजे कारण न देता दटावणे. दुभाष्याने हसून वेळ मारून नेली की दोन्ही बाजू एकमेकींना दोष देत राहतात. दिवाळीआधी त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगा, हवे तर हे उत्तर त्याला वाचायला द्या.

उष्ट्याच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. उष्टे आणि खरकटे या कल्पना तिच्या भाषेत नाहीत, त्यामुळे डाव तोंडाला लावण्यात तिला काही गैर वाटले नाही. तिच्या स्वयंपाकघरात तिची रीत चालेल, तुमच्या स्वयंपाकघरात तुमची चालायला हवी, आणि हे सांगण्यात कोणताही कमीपणा नाही. फक्त कारणासकट सांगा: थोडी आमटी वाटीत काढून घ्यायची, मग चव घ्यायची; आणि नैवेद्याचा स्वयंपाक असेल तर तो दाखवून होईपर्यंत चव घ्यायचीच नाही. नियम कळला की पाळणे सोपे असते. नियम न सांगता तोंड पाडून बसले की समोरच्याला एवढेच कळते की काहीतरी बिघडले आहे.

सगळेच संस्कृतीच्या नावावर खपवून घ्यावे असेही मला म्हणायचे नाही. रीत वेगळी आहे की माणूस बेपर्वा आहे, हे ओळखण्यासाठी मी एक गोष्ट पाहते: ती स्वतःच्या माणसांशी कशी वागते? आपल्या आईलाही ती चहा एकदाच विचारत असेल, तिलाही थँक्यू म्हणत असेल, तर ती तुमच्याशी तिच्या उत्तम रीतीने वागत आहे. आपल्या आईसाठी एक आणि तुमच्यासाठी दुसरी, खालची, अशी वागणूक दिसली, तर मग ते मनाला लावून घ्यायचे कारण आहे आणि तसे झाल्यास मला पुन्हा जरूर लिहा. तुमच्या पत्रात मला तरी तसे काही दिसले नाही.

आता दिवाळी. गप्प बसू नका आणि सगळे एका दमात समजावूही नका. पाहुण्यांनी भरलेल्या घरात ज्या तीन-चार जागी ती हमखास अडखळेल, त्या तिला आधी सांगून ठेवा. पहिली फराळाच्या ताटाची. तिथे ताट स्वच्छ करणे ही सभ्यता आहे, त्या देशाने १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार पाहिली आहे, जशी आपल्या आधीच्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात मदतीत मिळालेल्या सुकडीवर आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले. पानात टाकू नये हे दोन्हीकडे सारखेच आहे. पण आपल्याकडे ताट रिकामे दिसले की वाढणारी पुन्हा वाढते. ती मान राखण्यासाठी संपवत जाईल आणि तुमच्या नणंदा-जावा प्रेमाने भरत जातील, आणि तिसऱ्या घरी ती आजारी पडेल. तिला ‘पुरे’ हा शब्द शिकवा आणि ताटावर हात आडवा कसा धरायचा ते दाखवा, आणि वाढणाऱ्या बायकांनाही सांगून ठेवा की हिचा हात खरा आहे.

दुसरी जागा नमस्काराची. कोणाला वाकून नमस्कार करायचा असतो आणि का, हे तिला सांगा, करून दाखवा, आणि करायचा की नुसते हात जोडायचे हे तिच्यावर सोडा. ते सांगितले नाही, तर ती तुमच्या थोरल्या दिरांच्याही गालाला तीनदा गाल लावेल, आणि तो तिच्या मते आदरच असेल. तिसरी नरक चतुर्दशीच्या पहाटेची. तेल-उटणे लावणे आपल्याला मायेचे वाटते, पण अंगाला हात लावण्यापूर्वी तिला विचारा. बहुधा ती हो म्हणेल. नाही म्हणाली, तर उटण्याची वाटी तिच्या हातात द्या आणि या वेळी तिचा ‘नको’ पहिल्याच खेपेला मान्य करा.

चौथी जागा तिच्या नाही, आपल्या बाजूच्या चुकीची आहे. लग्नाला वर्ष झालेल्या सुनेला पगार किती आणि गोड बातमी कधी, हे दोन प्रश्न दिवाळीच्या पहिल्या दिवशीच विचारले जातील. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, हे मी जाणते. तिच्यासाठी मात्र ते प्रश्न कोणी न विचारता शयनगृहाचे दार उघडण्याइतके धक्कादायक असतील. आणि खरे सांगायचे तर आपल्या कितीतरी सुनांनाही ते तसेच वाटत आले आहेत, फक्त त्या मान खाली घालून हसतात. ते प्रश्न दारातच अडवणे हे घरची मोठी बाई म्हणून तुमचे काम आहे आणि तुम्ही ते केलेत की सुनेला ते कळल्याशिवाय राहणार नाही.

या सगळ्याच्या आधी एक करा. या रविवारी त्यांचा फोन येईल तेव्हा मुलाला सुनेच्या शेजारी बसायला सांगा, म्हणजे भाषेची अडचण येणार नाही, आणि सुनेला विचारा की आम्ही तुझ्या घरी होतो तेव्हा आमचे काय काय चुकले. आपल्याकडच्या सुनेने ‘काही नाही आई’ म्हटले असते. ती तसे म्हणणार नाही. सरळ आणि नेमके सांगेल, पडद्यांचे सांगेल, कदाचित मी अंदाज केलेल्या ‘गिव्ह मी वॉटर’चेही सांगेल. ते ऐकताना थोडे टोचेल. तिचे सांगून पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका, आणि ती थांबली की मग तुम्ही डावाची गोष्ट काढा.